आदिलाबादचे गोंड आणि राष्ट्रीयतांचा प्रश्न

अनेक भाषांच्या आणि वंशांच्या लोकांना एकाच राज्यात नांदवायचे तर सरकारला चार गोष्टी ठरवाव्या लागतात. वेगळा समाज म्हणून कोणाला मोजायचे, त्यांच्या नावाने कोणता मुलूख राखायचा, त्यांची मुले कोणत्या भाषेत आणि लिपीत शिकणार, आणि त्या भागातल्या नोकऱ्या व अधिकाराच्या जागा कोणाकडे जाणार. विसाव्या शतकात या चारही बाबतींत सर्वांत मोठे सरकारी धोरण आखले ते कम्युनिस्ट राजवटींनी. तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा अशा राजवटीखाली कधीच नव्हता. तिथे आधी निजाम होता आणि नंतर भारतीय प्रजासत्ताक आले. तरीही तिथल्या गोंड, कोलाम, परधान, तोटी, नायकपोड आणि आंध समाजांपुढे हेच चार प्रश्न गेली ऐंशीहून अधिक वर्षे उभे आहेत. त्यांची जी उत्तरे दिली गेली त्यांत निजामाचे अधिकारी, व्हिएन्नाचा एक मानववंशशास्त्रज्ञ, एक मराठी प्रशासक आणि तेलुगू कम्युनिस्ट या सगळ्यांचा हात आहे.

कम्युनिस्ट धोरणाचे मूळ सूत्र स्टालिनने १९१३च्या सुरुवातीला व्हिएन्नात लिहिलेल्या ‘मार्क्सवाद आणि राष्ट्रीय प्रश्न’ या निबंधात सापडते. समान भाषा, समान प्रदेश, एकत्र गुंफलेले आर्थिक जीवन आणि संस्कृतीतून दिसणारी समान मनोघडण, ही चारही लक्षणे असतील तर तो समाज राष्ट्र. एक जरी कमी पडले तरी नाही. क्रांतीनंतर नोव्हेंबर १९१७मध्ये रशियातल्या सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा, अगदी फुटून निघण्याचाही हक्क जाहीर झाला. डिसेंबर १९२२मध्ये सोव्हिएत संघ स्थापन झाला आणि १९२३मध्ये पक्षाने स्थानिकीकरणाचे धोरण स्वीकारले. कारभार तिथल्या भाषेत चालावा आणि कचेरीत, शाळेत, पक्षात तिथलीच माणसे पुढे यावीत, असे त्यात ठरले. ज्या कित्येक भाषांना लिपी नव्हती किंवा ज्या अरबी लिपीत लिहिल्या जात, त्यांना लॅटिन वर्णमाला दिली गेली. पाठ्यपुस्तके निघाली, वर्तमानपत्रे निघाली. झारच्या काळात ज्यांची भाषा शाळेच्या दारातही येऊ शकत नव्हती, त्यांची मुले त्याच भाषेत गणित शिकू लागली. हे काम फार मोठे होते आणि त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

पण ज्या हाताने हे दिले त्याच हाताने ते काढूनही घेतले. १९२६च्या जनगणनेत दीडशेहून अधिक समाजांची नावे होती. १९३९पर्यंत यादी शंभराच्या आसपास आली, कारण लहान समाज मोठ्यांत मिळवून टाकले गेले. लॅटिन लिप्या रुळतात न रुळतात तोच १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या जागी रशियन वळणाच्या लिप्या आल्या, म्हणजे थोरल्या भावाचे क्रमिक पुस्तक धाकट्याला वाचता येईना. १९३८मध्ये सर्व शाळांत रशियन सक्तीची झाली. १९३२पासून पासपोर्टवर राष्ट्रीयतेची ओळ आली होती. त्याच ओळीच्या आधारे १९३७मध्ये कोरियन आणि १९४४मध्ये चेचेन, इंगुश आणि क्रिमियाचे तातार असे समाजच्या समाज आगगाड्यांत भरून मध्य आशियात आणि कझाकस्तानात नेऊन सोडले गेले. प्रजासत्ताकाला फुटून निघण्याचा हक्क घटनेत शेवटपर्यंत होता. त्याची मागणी करणाऱ्याची जागा मात्र तुरुंगात असे.

चीनने फुटून निघण्याचा हक्क दिलाच नाही. स्वायत्त प्रदेश दिले. १९५३च्या जनगणनेत लोकांना आपापल्या समाजाचे नाव सांगायला सांगितले तेव्हा चारशेहून अधिक नावे आली. मग १९५४पासून संशोधकांची पथके युनान प्रांतात पाठवून वर्गवारी झाली. १९७९मध्ये जिनो समाजाला मान्यता मिळाली आणि हान धरून छप्पन्न समाजांची यादी कायम झाली. या वर्गवारीतले एक उदाहरण आदिलाबादच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. लुगू सरोवराच्या काठचे मोसुओ लोक युनानच्या बाजूला सरकारी कागदावर नाशी ठरले आणि सिचुआनच्या बाजूला मंगोल. लोक तेच, नातीगोती तीच, प्रांताची हद्द ओलांडली की दाखल्यावरचा समाज बदलतो.

भारतात राष्ट्रीयतांचा हा विचार आणणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. डॉ. गंगाधर अधिकारी हे बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले आणि मीरत कटाच्या खटल्यात तुरुंगवास भोगलेले कम्युनिस्ट नेते. त्यांनी मांडलेल्या भूमिकेवरून सप्टेंबर १९४२मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाने ठराव केला, की भारत हे एकच राष्ट्र नसून अनेक राष्ट्रीयतांचा देश आहे आणि प्रत्येकीला स्वयंनिर्णयाचा हक्क असला पाहिजे. पठाण, सिंधी, शीख, बंगाली, असमिया, ओरिया, आंध्र, तमिळ, कन्नड, केरळी, गुजराती, महाराष्ट्रीय अशी नावे त्या ठरावात आहेत आणि शेवटी ‘इत्यादी’ आहे. गोंड, संथाळ, भिल्ल ही नावे नाहीत. ती त्या ‘इत्यादी’तच शोधावी लागतात. ठरावावर टीका झाली ती पाकिस्तानच्या मागणीला त्यातून बळ मिळाले म्हणून. आदिवासींच्या दृष्टीने त्यातली उणीव वेगळी होती. मोठी भाषा, तिचे वाङ्मय, तिचा मध्यमवर्ग आणि तिची बाजारपेठ ज्यांच्याकडे होती, त्यांनाच त्या चौकटीत राष्ट्रीयता म्हणून जागा मिळाली. लाखो लोक बोलतात पण शाळा नाही, छापखाना नाही, आणि मुलूख चार प्रांतांत वाटला गेला आहे, अशा गोंडीला स्टालिनची चार लक्षणे लावली तर ती नापास होते.

पुढे कम्युनिस्ट नेते पुच्चलपल्ली सुंदरय्यांनी विशालांध्राची, म्हणजे सर्व तेलुगू भाषकांच्या एका राज्याची, मांडणी केली. १९४६ ते १९५१च्या तेलंगण सशस्त्र लढ्यात शेतकऱ्यांनी देशमुखांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि वेठबिगार मोडून काढली. नळगोंडा, वरंगळ आणि खम्मम ही लढ्याची मुख्य ठाणी होती. या लढ्याने तेलुगू भाषक कुळांना जो आत्मविश्वास दिला तो निर्विवाद आहे. मात्र भाषावार राज्याचा जो नकाशा त्यातून पुढे आला, त्यात आदिलाबादमधल्या उटनूरच्या डोंगरातले लोक तेलुगू राज्याच्या काठावरचे रहिवासी एवढेच उरले.

जुना आदिलाबाद जिल्हा गोदावरीच्या उत्तरेला, पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या कवेत पसरला होता. पलीकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि नांदेड. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ४१ हजार होती आणि त्यात अनुसूचित जमाती सुमारे १८ टक्के. इथले राजगोंड घरात गोंडी बोलतात आणि कोलाम कोलामी. या दोन्ही द्रविड कुळातल्या भाषा. आंधांची बोली मराठी, आणि परधानांचीही मराठीच. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. लग्नात, मर्तिकात, देवाच्या पूजेत तीन तारांची किकरी घेऊन गोंडांच्या कुळकथा गाणारा माणूस गातो गोंडीत आणि घरी परतल्यावर पोराबाळांशी बोलतो मराठीत. त्याच्या गाण्याशिवाय गोंडांचा देवकार्याचा सोहळा पुरा होत नाही. समान भाषा हे राष्ट्राचे लक्षण मानणाऱ्या पुस्तकात या नात्याला जागा सापडणे कठीण आहे. गोंडांना एकत्र बांधणारी खरी गोष्ट म्हणजे चार, पाच, सहा आणि सात देवांची सगा व्यवस्था. तिच्यावर लग्ने ठरतात आणि ती राज्याच्या हद्दी मानत नाही. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम कुळातले लोक पायी गोदावरीवर जाऊन देवासाठी पाणी आणतात, आणि जत्रेला महाराष्ट्रातूनही कुळातली माणसे येतात.

या मुलखावर पहिला मोठा घाव पडला तो जंगल राखीव करण्याचा. पिढ्यानपिढ्या फिरती शेती करणारे गोंड आणि कोलाम एकाएकी सरकारी जमिनीवरचे अतिक्रमक ठरले. मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनींचे पट्टे मात्र बाहेरून आलेल्या, कागदपत्र जाणणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि सावकारांच्या नावाने होत गेले. पटवाऱ्याच्या दप्तरात नाव नसलेला गोंड आपल्याच शेतात कूळ बनला. आसिफाबादच्या डोंगरात बाबेझरीच्या आसपास कुमरम भीम यांनी गोंड आणि कोलाम कुटुंबांना घेऊन जमीन वहितीला आणली. जंगल खात्याने ती मोडून काढायला सुरुवात केली, अर्ज-विनंत्या झाल्या, आणि अखेर १९४०मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या सशस्त्र पोलिसांशी झालेल्या चकमकीत भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात मागितलेली गोष्ट राष्ट्रीयतेच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त ठोस आहे: पाण्यावर, जंगलावर आणि जमिनीवर तिथल्या लोकांचा हक्क.

भीम यांच्या मृत्यूने निजाम सरकार हादरले आणि असंतोषाचे कारण शोधण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. १९०९मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा मानववंशशास्त्रज्ञ जर्मन पासपोर्टमुळे दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता आणि त्याला हैदराबाद संस्थानातच राहण्याची अट होती. स्टालिनने निबंध लिहिला तेव्हा त्याच शहरात हे मूल तीन-साडेतीन वर्षांचे असणार. बहुभाषिक ऑस्ट्रियन साम्राज्याच्या राजधानीतून निघालेले दोन विचार असे एकाच शतकात जगाच्या दोन टोकांना जाऊन पोचले. हायमेनडॉर्फ पत्नी बेटी यांच्यासह मारलवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले. महसूल खात्याची सूत्रे असलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिले होते; त्यांची साथ मिळाली. हायमेनडॉर्फ यांचा निष्कर्ष सरळ होता: बंडाचे मूळ जमिनीत आहे. त्यांच्या आग्रहाने हजारो गोंड आणि कोलाम कुटुंबांना पट्टे देण्याची मोहीम सुरू झाली. केसलापूरच्या जत्रेत दरबार भरू लागला. जिल्ह्याचे अधिकारी तिथे बसून लोकांच्या तक्रारी ऐकत. तो आजही भरतो. १३५६ फसली साली, म्हणजे १९४६च्या सुमारास, हैदराबादचा आदिवासी क्षेत्र कायदा आला.

शाळांचे काम १९४३मध्ये मारलवाईच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रापासून सुरू झाले. गोंड तरुणांनाच शिक्षक करायचे आणि पहिली पुस्तके गोंडीतच काढायची, असे ठरले. लिपी घेतली देवनागरी, कारण त्या भागात व्यवहारात मराठी होती. सोव्हिएत स्थानिकीकरणात जे चाललेले होते त्याच्या अगदी जवळचे हे पाऊल एका सरंजामी संस्थानात पडले, आणि तेही फारसा गाजावाजा न होता. या कामात पुढे मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी आले. शिवकाल आणि मोगल दरबारावरच्या फारसी साधनांसाठी ते ओळखले जातात. पण हैदराबादच्या सेवेत असताना ते आदिलाबादमध्ये आदिवासी कल्याणाचे अधिकारी होते. त्यांनी गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर स्वतंत्र पुस्तकही. गावोगाव फिरणारा महसुली अधिकारी लोकांची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहितो, हे भारतीय प्रशासनात विरळा घडलेले आहे, आणि पगडींच्या या कामाची मराठीत घ्यावी तेवढी दखल घेतली गेलेली नाही.

हे सगळे १ नोव्हेंबर १९५६ला मोडले. भाषावार राज्यरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. त्यातला किनवट तालुका आणि राजुरा तालुका मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्रात राहिले. राजुरा आधी नांदेडला आणि नंतर चंद्रपूरला जोडला गेला. माणिकगडच्या डोंगराच्या एका बाजूचा गोंड मराठी शाळेत बसला आणि दुसऱ्या बाजूचा तेलुगू शाळेत. देवनागरी गोंडी पुस्तके दोन्हीकडे मागे पडली. भाषावार राज्याच्या तत्त्वाने मराठी आणि तेलुगू भाषकांना जो न्याय दिला, त्याचीच किंमत गोंडी भाषकांनी मोजली. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र आणि ओरिसा या चारही राज्यांत ते अल्पसंख्य झाले. गोंडवनाच्या वेगळ्या राज्याची मागणी त्या काळातही होती आणि पुढेही अधूनमधून उठत राहिली. ती कधीच नकाशापर्यंत पोचली नाही.

प्रदेशाच्या जागी मिळाली ती राज्यघटनेची पाचवी अनुसूची. ईशान्येकडच्या सहाव्या अनुसूचीत निवडून आलेल्या स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. पाचवीत तसे काही नाही. राज्यपालांचे विशेष अधिकार आणि सल्लागार परिषद आहे. अनुसूचित क्षेत्र १९५०च्या आदेशाने गावांची नावे घेऊन ठरले. तरी या चौकटीतून निघालेला एक कायदा फार मोलाचा ठरला. अनुसूचित क्षेत्रातल्या जमीन हस्तांतरणाबद्दलचा १९५९चा विनियम १९६३मध्ये तेलंगणला लागू झाला आणि १९७०च्या दुरुस्तीने तो कडक झाला: त्या क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासीला विकता येणार नाही, बिगरआदिवासीने दुसऱ्या बिगरआदिवासीला विकली तरी चालणार नाही. ही दुरुस्ती झाली ती श्रीकाकुलमच्या आदिवासी उठावाच्या काळात. आदिलाबादमध्ये ती ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणून शेतकऱ्याच्या तोंडी आहे. अंमलबजावणी मात्र ढिली राहिली. १९७०च्या दशकात हायमेनडॉर्फ परतले तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत पट्टे मिळालेल्या अनेक कुटुंबांच्या जमिनी गेलेल्या त्यांना दिसल्या. त्याची नोंद त्यांनी १९८२च्या पुस्तकात केली आहे.

हा साचलेला राग आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीत फुटला. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. नक्षलवादी प्रेरणेच्या गिरिजन रयतू कुली संघमने सभा बोलावली होती. जमिनीचे पट्टे, मजुरी आणि सावकारी या तिच्या मागण्या. सभेची परवानगी ऐनवेळी रद्द झाली, जमावबंदी लागू झाली; पण डोंगरातल्या गावांहून लोक आधीच पायी निघाले होते आणि बाजारालाही माणसे येतच होती. झटापट झाली, एक पोलीस मारला गेला आणि गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. प्रत्यक्ष बळी त्याच्या कितीतरी पट होते असे स्थानिक लोक आणि नागरी हक्क कार्यकर्ते सांगत आले. १९८३मध्ये तिथे हुतात्मा स्तूप उभा राहिला, १९८६मध्ये तो उद्ध्वस्त केला गेला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. कित्येक वर्षे २० एप्रिलला तिथे जमावबंदी असे आणि मारल्या गेलेल्यांच्या नातलगांनाही फूल वाहायला मोकळीक नसे. लोकशाही राज्याने आपल्याच नागरिकांच्या शोकावर इतका काळ पहारा ठेवावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी तिथे येऊन सरकारी स्मारकाच्या कामाचा प्रारंभ केला.

आदिलाबादच्या गोंडांपर्यंत कम्युनिस्ट विचार पोचला तो असा: राष्ट्रीयतेच्या सिद्धान्तातून नव्हे, मजुरीच्या आणि पट्ट्याच्या लढाईतून. १९८०मध्ये कोंडापल्ली सीतारामय्यांनी स्थापलेल्या पीपल्स वॉर या नक्षलवादी पक्षाची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, प्राणहिता ओलांडून गडचिरोली आणि बस्तरमध्ये गेली. तेंदूपानांची मजुरी वाढली आणि जंगल खात्याच्या शिपायांचा जाच कमी झाला, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. बस्तरमध्ये माओवाद्यांनी ‘जनताना सरकार’ उभारले आणि गोंडीत पाठ्यपुस्तकेही काढली. पण तिथलीच माणसे पक्षात पुढे आणण्याची जी गोष्ट सोव्हिएत पक्षाने १९२३मध्ये निदान कागदावर मानली, ती इथे घडली नाही. खालच्या फळीत गोंड आणि माडिया मुले-मुली मरत होती आणि वरच्या समित्यांत तेलुगू भाषक नेते दशकानुदशके बसून होते. ऑक्टोबर २०२५मध्ये गडचिरोलीत शरण आलेले माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल हेही त्याच पिढीतले, तेलंगणातल्या पेद्दपल्लीचे. शिवाय खबऱ्या म्हणून मारलेले बहुतेक आदिवासीच होते. या हिंसेने गोंडांना स्वतःचे राजकारण उभे करायला लागणारी अनेक वर्षे खाल्ली.

आज जिल्ह्यात सर्वांत तीव्र झालेला प्रश्न चारांपैकी पहिला, म्हणजे यादीत कोण याचा. लंबाडा, ज्यांना मराठीत बंजारा म्हणतात, त्यांना तेलंगणात १९७६च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीत घेतले गेले आणि १९७७पासून ते लागू झाले. महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त व भटक्या जमातींत मोडतो आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. एकच समाज, एकच गोर बोली आणि तीन राज्यांत तीन वर्ग; लुगू सरोवराच्या मोसुओंची गोष्ट इथे लाखोंच्या संख्येने घडली आहे. पैनगंगेपलीकडून येऊन आदिलाबादेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना दाखला मिळू लागला, आणि आदिवासी म्हणून ते अनुसूचित क्षेत्रात जमीनही घेऊ शकत होते. शिक्षणात आधी पुढे गेलेल्या या समाजाकडे राखीव जागांचा मोठा वाटा जातो, अशी गोंडांची तक्रार आहे. २०१७च्या अखेरीस ‘तुडुम देब्बा’ या संघटनेचे आंदोलन पेटले, डिसेंबरात उटनूर परिसरात हिंसाचार झाला, जमावबंदी लागली. त्या आंदोलनातले सोयम बापूराव २०१९मध्ये आदिलाबादचे खासदार झाले. लंबाडांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे तांडे तेलंगणात पिढ्यानपिढ्या आहेत, त्यांच्यातली गरिबी खोटी नाही, आणि १९७६चा निर्णय संसदेचा आहे. दोन गरीब समाजांना एकाच लहान वाट्यावर सोडून सरकार बाजूला झाले, ही खरी चूक. सप्टेंबर २०२५पासून महाराष्ट्रातले बंजारा हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीचा दर्जा मागत आहेत आणि तिथल्या आदिवासी संघटना त्याला विरोध करत आहेत. म्हणजे हा वाद आता नदीच्या दोन्ही काठांवर आहे. एक फरक मात्र विसरता कामा नये. सोव्हिएत आणि चिनी यादीवर उघडपणे भांडण्याची सोयच नव्हती. इथे गोंड आणि लंबाडा दोघेही रस्त्यावर, निवडणुकीत आणि सर्वोच्च न्यायालयात यादीबद्दल बोलू शकतात.

भाषेच्या बाबतीत स्थिती अधिक वाईट आहे. २०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. संथाळी आणि बोडो २००३मध्ये आठव्या अनुसूचीत आल्या. गोंडी अजून नाही. लिपीची अडचण आहे असे सांगितले जाते, आणि तिथेच आदिलाबादने एक अनपेक्षित उत्तर दिले. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात परधानांनी जपलेली जुनी हस्तलिखिते २०००च्या दशकात हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांपुढे आली. ती गोंडीत होती आणि त्यांची लिपी कोणत्याही शेजारी लिपीची नक्कल नव्हती. तिचे वाचन झाले, गावातल्या मुलांना ती शिकवली जाऊ लागली, आणि २०१८मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ युनिकोडमध्ये दाखल झाली. त्याआधी बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये केलेली दुसरी गोंडी लिपी २०१७मध्ये युनिकोडमध्ये आली होती. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातले गोंड देवनागरीला जवळचे, तेलंगणातले तेलुगूला. तेव्हा एकच प्रमाण लिपी ठरवणे सोपे नाही. पण मॉस्कोने दहा-पंधरा वर्षांत दोनदा वरून लिपी बदलून जे केले ते टाळायचे असेल, तर हा निर्णय गोंडी लिहिणाऱ्यांनीच आपल्या वेळेने करणे योग्य. मराठी बोलणाऱ्या परधानांनी गोंडी लिपी दीर्घकाळ सांभाळली, ही बाब त्या चर्चेत सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

नोकऱ्यांबाबत सर्वांत ठळक पाऊल होते ते अविभाजित आंध्र प्रदेशाचा जानेवारी २०००चा शासन आदेश क्रमांक ३. अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांमध्ये शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींना, असे त्यात म्हटले होते. कारण व्यवहारी होते: बाहेरून नेमलेला शिक्षक डोंगरातल्या गावात टिकत नसे आणि मुलांची भाषाही त्याला येत नसे. २२ एप्रिल २०२०ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवून तो आदेश रद्द केला. आधीच्या नेमणुका काही अटींवर कायम राहिल्या. समानतेच्या कलमाचा अर्थ म्हणून निकाल समजता येतो. पण पहिलीतल्या कोलाम मुलाला पहिल्या दिवशी आपली भाषा बोलणारा शिक्षक कसा भेटणार, याची तजवीज त्यानंतर झालेली नाही. परंपरेतले अधिकारपद मात्र टिकून आहे. गावाचा पटेल आणि देवारी, त्यांच्या वर सारमेडी, आणि अनेक गावांचे तंटे मिटवणारे राय सेंटर ही गोंडांची स्वतःची रचना आदिलाबादमध्ये आजही चालते. १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार देऊ केले, त्यांना इथे तयार पाया मिळू शकतो.

मुलखाचा प्रश्न तर वाढतच गेला. ११ ऑक्टोबर २०१६ला तेलंगणाने जिल्हे वाढवले तेव्हा जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. एका जिल्ह्याला भीम यांचे नाव मिळाले, हा सन्मान मोठा. पण गोंडांच्या दाट वस्तीचा उटनूरचा मध्यभाग स्वतःच्या जिल्ह्याचे ठाणे होऊ शकला नाही, आणि एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे उटनूर कार्यालयच चारही जिल्ह्यांना जोडत राहिले. त्याआधी २०१२मध्ये कवल अभयारण्य व्याघ्र प्रकल्प झाले होते आणि जंगलातल्या गावांवर स्थलांतराची टांगती तलवार आली होती. दुसरीकडे जिवती तालुक्यात महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरची परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही आणि आसपासची गावे अजून दोन्ही राज्ये आपली मानतात. एकाच गावात मराठी शाळा आहे आणि तेलुगूही. रेशनकार्ड दोन, मतदार ओळखपत्र दोन, सरपंचही दोन. हेवा वाटावा अशी ही चैन नाही, कारण जमिनीचा स्वच्छ पट्टा कोणाकडून मागायचा हे तिथल्या शेतकऱ्याला कळत नाही आणि वनहक्काचा दावा दोन्ही कचेऱ्यांच्या मध्ये अडकून राहतो. १९५६मध्ये कागदावर ओढलेल्या रेघेचा हा हिशेब सत्तर वर्षांनीही चुकता झालेला नाही.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची आहे. तिच्यात प्रत्येक जमातीची स्वतंत्र नोंद होईल, मातृभाषा विचारली जाईल आणि धर्मही. गोंडी आठव्या अनुसूचीत घ्या या मागणीचा मुख्य आधार भाषकांची संख्या हाच असल्यामुळे, शहरात राहणाऱ्या किंवा तेलुगू-मराठी शाळेत शिकलेल्या गोंड कुटुंबांनी मातृभाषेच्या रकान्यात गोंडी सांगणे महत्त्वाचे आहे. धर्माच्या रकान्यात आदिवासींसाठी स्वतंत्र नोंद असावी ही जुनी मागणी आहे. परधानांचे उत्तर मात्र तीन दिशांना जाणार: जमात परधान, मातृभाषा मराठी आणि गाणे गोंडी, ज्याच्यासाठी प्रगणकाच्या अर्जात रकाना नाही.